रात्री दोन वाजता ऑफिसात पाणी कोण वापरतं?

आज कोडिंग नाही. आज फ्लशच्या टाकीवर बोलायचंय. हसून घ्या, मग ऐका.

आमचं ऑफिस हिंजवडीत. सकाळी गेटवर कॅबच्या रांगेत टँकरही उभे असतात, हे इकडे काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. गेल्या उन्हाळ्यात टँकरचं बिल वाढलं, तेव्हा प्रत्येक बेसिनवर 'पाणी वाचवा'चे स्टिकर लागले. आणि मला सांगितलं, एक डॅशबोर्ड करून दे. डॅशबोर्ड म्हटल्यावर मी कसला नाही म्हणतोय!

पहिली माती मीच खाल्ली. दर १० लिटरला एक टिक देणारं मीटर मी पंपाच्या लाइनवर बसवून घेतलं. पंप चालू झाला की टिकांचा पाऊस, बंद झाला की शून्य. त्यातून पंप कधी चालला एवढंच कळत होतं. प्लंबरकाका म्हणाले, "साहेब, टाकीत येणारं मोजून काय करणार? टाकीतून जाणारं मोजा ना." मग मीटर गेलं गच्चीवरच्या टाकीतून फ्लशसाठी खाली उतरणाऱ्या पाइपवर.

पहिल्याच रविवारी रात्री दोनचा डेटा बघितला. बिल्डिंग रिकामी. सिक्युरिटीवाल्यांचं बाथरूम वेगळ्या लाइनवर. तरी दर अडीच मिनिटांनी एक टिक. म्हणजे मिनिटाला ४ लिटर, दिवसाला ५,७६० लिटर. नॅशनल बिल्डिंग कोड ऑफिसात माणशी दिवसाला ४५ लिटर पाणी धरतो. म्हणजे आमच्याकडे १२८ माणसं अशी होती, जी कधी घरीच जात नव्हती! शहरांच्या पाइपलाइनची गळतीसुद्धा अशीच रात्री पकडतात, कारण तेव्हा खरा वापर जवळजवळ नसतो.

फॅसिलिटीवाले म्हणाले, "अरे, ते एसटीपीचं पाणी आहे, रिसायकल केलेलं." बरोबर. पण ते कमी पडलं की त्याच टाकीत टँकरचं पाणी सोडतात. आणि उन्हाळ्यात ते रोजच कमी पडत होतं.

मग शोधमोहीम. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकायचा, वीस मिनिटं फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला, तर टाकी गळतेय. घरीही करून बघा, फुकट आहे. मी लाल रंगाची बाटली घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो, तर तिथल्या हाउसकीपिंगच्या मावशी म्हणाल्या, "रंग कशाला घालताय दादा? ह्या तीन गळतायत. मी वहीत लिहिलंय की."

वही बघितली. तीन महिने, दर आठवड्याला तीच नोंद. खाली सुपरवायझरची सही. टाक्या भिंतीत बसवलेल्या, त्यामुळे बाहेर थेंब दिसत नाही. पण सकाळी सातला मजला शांत असतो आणि मावशींना आवाज येतो. मी दहाला येतो, कानात इअरफोन घालून.

तिन्हीतले रबरी सील गेले होते. काकांनी तासाभरात बदलले. त्या रात्री दोन ते चार एकही टिक आली नाही. मी खुशीत मावशींना मोबाइलवर ग्राफ दाखवला. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं. आमच्याकडे टँकर एक दिवसाआड येतो." तक्रारीचा सूर नव्हता, सहज बोलल्या. मला पुढे काय बोलावं सुचेना.

प्रेझेंटेशनमध्ये पहिली स्लाइड मी त्या वहीच्या पानाची लावली. टाळ्या ग्राफला पडल्या. पण एक गोष्ट मागून घेतली. आता रोज त्या वहीच्या पानाचा फोटो आयटीच्या तिकिटांसारखाच सिस्टिमवर चढतो, आणि नोंद दोन दिवस तशीच राहिली की मॅनेजरला मेल जातो. सेन्सरच्या नळांचं कोटेशन तूर्त बाजूला ठेवलंय.

एसीच्या कूलिंग टॉवरवर मीटर अजून बसायचंय. तिथेही पाणी भरपूर जातं, वाफ होऊन उडतं. ते बसलं की आकडे घेऊन येतो. चला, भेटू पुढच्या भागात!