हिरवळीची भूक

मृगाच्या दोन सरी झाल्या, की खताच्या दुकानात शेतकऱ्यांच्या जोडीनं बंगल्यातली मंडळीही दिसू लागतात. लॉनला काय घालू, हा त्यांचा पहिला प्रश्न. कधी घालू, हे फारसं कुणी विचारत नाही, आणि नुकसान तिथंच होतं.

आपल्या अंगणातली हिरवळ म्हणजे बहुधा हरळीचीच एखादी जात, नाहीतर मेक्सिकन गवत. दोन्ही उबेची गवतं. माती ऊबदार आणि ओलसर असली की त्यांची मुळं जोरात चालतात. पुण्या-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत हेच गवत थबकतं, थोडं पिवळसर दिसतं. ते उपाशी नसतं, झोपलेलं असतं. झोपलेल्याला कशाला भरवायचं? थंड मुलखातलं गवत वेगळं, त्याला शरद ऋतूत खत लागतं. विलायती पुस्तकातलं ते वेळापत्रक इथं लावलं, की खत वाया जातं.

आपलं साल जूनपासून मोजावं. पाऊस स्थिरावला की पहिला हात, ऑगस्टच्या उघडिपीत दुसरा. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणून शंभर चौरस फुटांना 100 ग्रॅम ही वरची हद्द समजा, सावलीत त्याच्या निम्मं. मूठभर खत दोन ओंजळी कोरड्या वाळूत मिसळून फेकलं, तर सगळीकडे सारखं पडतं. पानं कोरडी हवीत, आणि लगेच पाणी हवं. धो-धो पावसाच्या आदल्या दिवशी मात्र हात आवरा. विरघळलेलं नत्र मुळांना मिळत नाही, खाली झिरपत विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतं. सप्टेंबरच्या अखेरीस नत्र कमी आणि पालाश जास्त द्यावं, पुढच्या थंडीला आणि कोरड्या महिन्यांना गवत त्यावर तग धरतं.

एकदा ऐन मे महिन्यात मी दुपारी युरिया फेकला आणि पाणी संध्याकाळवर ढकललं. चौथ्या दिवशी हिरवळीवर तपकिरी कमानी उमटल्या. माझा हात जसा फिरला होता, अगदी तशाच, एकापुढे एक. करपलेलं पान चिमटीत धरलं तर कुरकुरत मोडत होतं. त्या कमानी बुजायला पावसाळा यावा लागला. तेव्हापासून, पाण्याची खात्री नसेल तर एप्रिल-मेमध्ये मी रासायनिक खताला हात लावत नाही.

आता पिवळेपणाबद्दल, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथं होते. गवत पिवळं दिसलं की लोक आणखी युरिया टाकतात. आधी गुडघ्यावर बसून पान पाहावं. जुनी, खालची पानं पिवळी असतील तर नत्राची कमतरता. पण कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर तो केवडा, उसावर पडतो तसाच. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. तिथं युरिया वाढवून उपयोग नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून, थोडं लिंबाचं सत्त्व घालून, संध्याकाळी फवारावं. शेजारची फरशी आधी झाकून घ्या, हिराकशीचे तांबूस डाग सहजी निघत नाहीत.

फेब्रुवारी सरता सरता थंडी ओसरली, की शेणखताची वेळ. ते पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतलं की मातीसारखा वास यावा, शेणाचा नव्हे. कच्च्या खतातून हुमणीची अळी आणि तणाचं बी येतं, मग वर्षभर खुरपं खाली ठेवता येत नाही. बारीक चाळणीनं चाळून अर्धा सेंटिमीटरचा थर द्या आणि खराट्यानं पात्यांच्या मधे सारा. पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत.

आणि कापलेलं गवत पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त छाटलं नाही, तर ते तुकडे जागच्या जागी कुजतात आणि त्यातलं नत्र पुन्हा त्याच मुळांना मिळतं. माझ्याकडे त्यामुळे ऑगस्टचा हात आता निम्म्यावर आला आहे.