घरी घडविलेली हलगी

शिमगा जवळ आला की बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात गल्लोगल्ली हलगी कडाडू लागते. या वाद्याला भाषेची वेस ठाऊक नाही. मराठी माणूस तिला हलगी म्हणतो, कानडी शेजारी हलगे म्हणतो. आणि ठेका घुमू लागला की दोघांचेही पाय सारखेच उचलतात. शाहिराचा डफ आणि खंडोबाच्या वाघ्याची दिमडी ही तिचीच भावंडे. एक कडे आणि त्यावर ताणलेले एक कातडे, एवढाच काय तो संसार! ज्याच्या पडवीत करवत, रंधा आणि कानस आहे, त्याला असे वाद्य घरीही घडविता येईल. मात्र साधे म्हणजे सोपे नव्हे.

प्रथम कडे. एक फूट व्यासाच्या कड्यासाठी एक इंच जाडीच्या, पुरत्या वाळलेल्या लाकडाचे आठ तुकडे घ्यावेत. प्रत्येकाची बाहेरची बाजू पाच इंच असावी आणि दोन्ही टोके साडेबावीस अंशांत तिरपी कापावीत. ते जोडले की अष्टकोन तयार होतो. मग तो आतबाहेर घासून गोल करावा व अर्ध्या इंचाची भिंत राखावी. लाकडात ओल राहिली तर पुढे सांधे उकलतात.

नंतर कातडे. बकऱ्याचे, केस काढलेले कातडे पाण्यात मऊ भिजवावे, चिंचोक्याच्या खळीने कड्यावर बसवावे आणि दोरीने आवळून सावलीत वाळवावे. नवशिक्याची चूक येथेच होते. तो ओले कातडे सारे बळ लावून ओढतो. परंतु कातडे वाळताना आपण होऊनच आकसते आणि तो ताण सोसला नाही म्हणजे कडे वाकते. पावसाळी हवेत तेच कातडे सैल पडते. म्हणून वादक हलगी जाळावर तापवून घेतो. आताच्या फायबरच्या पडद्याला ही निगा लागत नाही, पण कातड्याचा तो खडा, उबदार आवाजही त्याला नाही.

या आवाजाचेही एक शास्त्र आहे. कातड्याचा ताण चौपट केला तर स्वर दुप्पट उंच होतो. तबला-मृदंगाच्या शाईमुळे त्यांतील उपस्वर परस्परांशी सुसंवादी होतात, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली दाखवून दिले. हलगीला शाई नाही, म्हणून तिच्यात स्थिर सूर नाही. तिचे सारे बोलणे लयीत आहे. दिमडीला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या प्राण्याला अभय दिले आहे. तो मोह कोणी धरू नये.

परंतु श्रोतेहो, कडे आणि कातडे जुळले म्हणजे हलगीची कथा संपत नाही. जिच्यावाचून वरात निघत नसे, ती हलगी वाजविणाऱ्याला मांडवातील पंगतीत मात्र पान नसे. दवंडी त्याने द्यावी, अंत्ययात्रेपुढे त्याने चालावे, आणि मोबदल्यात उरलेसुरले पदरात घ्यावे, अशी ती रीत होती. याच निपाणीत 1925 साली डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली होती. 1956 च्या धर्मांतरानंतर अनेक घरांनी हलगी खाली ठेवली. वाद्य वाईट होते म्हणून नव्हे, तर त्याला चिकटलेली लाचारी नको होती म्हणून.

आज कोणी हौसेने घरी हलगी घडवू पाहत असेल, तर ते चांगलेच आहे. कातड्याला हात लावल्याने हात विटाळत नाही, हे त्याला निदान हातांनी तरी कळेल. पण त्याने आधी गावातील जुन्या कारागिराच्या ओट्यावर जाऊन बसावे, त्याला गुरू म्हणावे आणि त्याच्या विद्येचे पुरते मोल द्यावे. किती ताण सोसेल हे त्या कारागिराच्या अंगठ्याला कळते. ते मापपट्टीवर सापडत नाही. वाद्य उचलायचे आणि ते जपणाऱ्याला विसरायचे, ही जुनीच रीत नव्या रूपाने चालू राहिली, तर घरची ती हलगी कितीही खणखणीत वाजली तरी बेसूरच म्हणावी लागेल.