एका सेकंदाला चोवीस



हुगळीच्या काठी, रिश्रा इथे, १८५५ साली देशातली पहिली ताग गिरणी सुरू झाली. बंगालीत तिला चटकल म्हणतात. आमचं घर अशाच एका चटकलीच्या भोंग्यावर उठायचं. वडील पाळीवरून परतले की त्यांच्या भुवयांवर तागाची पिवळसर धूळ बसलेली असे.

रविवारी सिनेमाला जावं, तर तिथेही आधी कारखाने आणि धरणं! सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची रिळं लावणं थिएटरवाल्यांना सक्तीचं होतं. लोक तेवढ्यात बाहेर झालमुडी खाऊन घेत. कार्टून लागलं मात्र, की पुड्या सांभाळत सगळे आत धावत.

ही कार्टूनं मुंबईत तयार होत. १९५६ च्या सुमारास फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग काढला आणि डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. रसायनशास्त्र शिकलेले राम मोहन तिथेच घडले. प्रागला ॲनिमेशनकार त्रंकांकडे शिकून आलेल्या प्रमोद पतींनी मिनू मसानींच्या पुस्तकावरून १९६१ मध्ये 'धिस अवर इंडिया' केला. शाळकरी मुलांसाठी लिहिलेलं देशाचं अर्थकारण पडद्यावर हलू लागलं. पंचवार्षिक योजना समजावून सांगायला भाषणापेक्षा हे बरं, असं माझं मत. पण रंगवलेल्या गिरणीत धूळ नसते, हेही खरं.

खरी मजुरी पडद्यामागे होती. कागदावरचं रेखाटन पारदर्शक पत्र्यावर, म्हणजे सेलवर, शाईने गिरवायचं, सेल उलटी करून मागून रंग भरायचा, वाळली की कॅमेऱ्याखाली ठेवायची. एक फ्रेम टिपली की पुढची सेल. सेकंदाला चोवीस फ्रेमा, म्हणजे दहा मिनिटांच्या चित्रपटाला चौदा हजार चारशे! एकच चित्र दोन फ्रेमांना वापरलं, तरी सात हजार दोनशे उरतातच.

आमच्या कोलकात्यानेही हा खटाटोप फार आधी केला होता. १९३४ साली न्यू थिएटर्स स्टुडिओसाठी गुणमय बॅनर्जींनी 'द पी ब्रदर्स' काढला. जेमतेम तीन-चार मिनिटांचा, आणि त्यातले नायक चक्क वाटाणे!

तेव्हा फिल्म्स डिव्हिजनचं एखादं जुनं कार्टून पाहायला मिळालं, तर त्याची नामावली जरूर वाचा. पाट्या टाकून होणारं ते काम नव्हे.