पायाखालचा ओलावा

रायपूरच्या शंकर नगरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धाव घेतो. अशा गावी मोटारीतील हीटरची आठवण कोणास राहणार? परंतु श्रोतेहो, डॅशबोर्डाआड हीटरची चिमुकली जाळी असते आणि पुष्कळ मोटारींत इंजिनाचे ऊन कूलंट तीतून बाराही महिने वाहत असते.

जाळी गळू लागली की पायाखालची मॅट ओली होते. मालक म्हणतो, ‘एसीचे पाणी असेल.’ येथेच घात होतो. एसीचे पाणी निर्मळ नि निर्गंध. कूलंट मात्र रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचे. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी, आणि कूलंट आटत गेले की इंजिनही तापून निकामी होते.

जाळी स्वस्त, मेहनत महाग. इंजिन निवल्यावर कूलंट काढावयाचे, बहुधा डॅशबोर्ड उतरवावयाचा, नवी जाळी बसवून कूलंट भरावयाचे आणि आत अडकलेली हवा घालवावयाची. म्हणून कित्येक कारागीर दोन्ही नळ्या परस्परांस जोडून जाळीच वगळतात. रायपुरात ते खपूनही जाते. परंतु पौषातल्या पहाटे मैनपाटच्या चढणीवर समोरची काच आतून धुरकटते, तेव्हा कळते, की ती ऊब चैनीसाठी नव्हती. वाट दिसण्यासाठी होती.