फाइल आहे, अक्षर नाही

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरच्या संगणकासाठी उपयोगी सॉफ्टवेअरबद्दल बोला, असा कार्यवाहांचा आग्रह होता. लांबलचक यादी वाचण्यापेक्षा, अनेक घरांत राहून गेलेल्या एकाच कामाबद्दल बोलतो.

माझ्या वडिलांनी २००३ साली आपल्या नोकरीतल्या आठवणी संगणकावर टंकून ठेवल्या. साठ पाने. ते गेल्यावर फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे! मुलगा म्हणाला, "बाबा, फाइल खराब झालीय. डिलीट करू?" नशीब, मी नको म्हटले.

फाइल धडधाकट होती. त्या काळचे बरेच मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवत. साठवले जात ते इंग्रजीचेच संकेतांक, मराठी दिसे ती फॉन्टच्या कृपेने. नव्या संगणकात तो फॉन्ट नाही, म्हणून मराठी नाही. यूनिकोडमध्ये मराठी वर्णांना स्वतःचे क्रमांक असतात, त्यामुळे यूनिकोडचा कोणताही देवनागरी फॉन्ट चालतो.

अशी फाइल वर्डमध्ये उघडून मजकूर निवडा आणि फॉन्टच्या चौकटीत पाहा. फॉन्ट संगणकात नसला तरी त्याचे नाव तिथे दिसते. ते आधी कागदावर उतरवा. मग त्याच फॉन्टचा यूनिकोड परिवर्तक महाजालावर शोधा. 'शिवाजी'चा परिवर्तक 'कृतिदेव'ला चालत नाही, प्रत्येकाची मांडणी वेगळी. खाजगी कागदपत्रे मात्र अनोळखी संकेतस्थळावर टाकू नका. रूपांतरानंतर पहिली वेलांटी तपासा: जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी साठवलेली असते, यूनिकोडमध्ये नंतर. घोटाळे तिथेच होतात.

परिवर्तक मिळालाच नाही, तर जुन्या छापील प्रतीचे स्कॅन गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्रातली मराठी वाचून तो टंकित मजकूर देतो. जोडाक्षरांत चुकतो, पण साठ पाने पुन्हा टंकण्यापेक्षा बरे.

आपल्या स्मरणिकांचेही तेच. महाराष्ट्राबाहेर मराठी जुळणी करणारा मिळणे कठीण, म्हणून कितीतरी मंडळांत कोणीतरी घरीच पेजमेकरवर पाने लावली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. त्या फायली लिब्रेऑफिस या मोफत संचातल्या 'ड्रॉ'मध्ये उघडून पाहता येतात. मांडणी विस्कटते, पण मजकूर बऱ्याचदा हाती लागतो.

आणि नवे लिहाल ते यूनिकोडमध्येच लिहा. विंडोज १०च्या २०१९मधल्या आवृत्तीपासून उच्चाराप्रमाणे मराठी टंकण्याचा कळफलक विंडोजमध्येच आहे, भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन तो जोडावा लागतो. नोटपॅडमध्ये मराठी 'एएनएसआय' प्रकारात साठवू नका. सगळ्याची प्रश्नचिन्हे होतात आणि ती पुन्हा मराठी होत नाहीत. 'यूटीएफ-८' निवडा.

वडिलांच्या फॉन्टची सीडी त्यांच्याच कपाटात, पंचांगांच्या गठ्ठ्याखाली सापडली. रूपांतर झाल्यावर आई आणि मी तपासायला बसलो. एक विचित्र शब्द मी यंत्राची चूक समजून सुधारला. आई म्हणाली, "तो त्यांचाच शब्द आहे. राहू दे."

ज्यांना फॉन्टचे नाव सापडत नसेल, त्यांनी उद्या फाइल पेनड्राइव्हवर घेऊन यावे. आरतीनंतर मी इथेच थांबतो.