कंत्राटदार की कामगार?



परवा लालबागचा एक तरुण दादरला माझ्याकडे आला. हातात बारा पानी इंग्रजी करारनामा. तीन वर्षं तो चाळीतल्या खोलीत बसून अमेरिकेतल्या एका कंपनीचे हिशेब लिहीत होता. संध्याकाळी साडेसहाला संगणक सुरू करायचा, रात्री अडीचला बंद. रजा हवी तर तिथल्या साहेबांची परवानगी. दरमहा ठरलेले डॉलर बँकेत जमा. एके दिवशी ईमेल आला, उद्यापासून काम बंद.

"काका, नोटिशीचा पगार तरी मिळेल ना?"

मी पहिलं पान उघडलं. तिथं त्याला 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हटलं होतं. नोकरी हा शब्द बाराही पानांत नव्हता.

त्याचे आजोबा परळच्या गिरणीत बदली कामगार. पाळीच्या वेळी गेटवर जायचं, कायम कामगार आला नसेल तर काम, नाहीतर घर. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात तेही होते. पण मालक कोण आणि दाद कुठं मागायची, हे आजोबांना ठाऊक होतं. दोन्ही मुंबईतच होती. नातवाची अडचण नेमकी इथं आहे.

कागदावर काय लिहिलंय, तेवढ्यावर आपली न्यायालयं थांबत नाहीत. नागपूरच्या एका विडी कारखान्यातले कामगार नगावर मजुरी घेत. वेळेचं बंधन सैल होतं. पण काम कारखान्यातच करायचं, हजेरी लागायची आणि पसंत न पडलेल्या विड्या बाजूला काढल्या जायच्या. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1960 मध्ये त्यांना कामगार ठरवलं. पुढच्याच वर्षी सिन्नरच्या एका विडी कामगाराच्या प्रकरणात निकाल उलट लागला, कारण तो हवं तेव्हा येई, हवं तेव्हा जाई. म्हणजे प्रश्न हुकमतीचा. काम काय करायचं एवढंच समोरचा सांगतो, की कसं आणि केव्हा करायचं तेही?

या कसोटीवर आमच्या तरुणाची बाजू भक्कम आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं, तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि शिवाय भरपाई द्यावी लागते. पण हे मागायचं कुणाकडे? कंपनीची भारतात शाखा असेल किंवा इथल्या एखाद्या कंपनीमार्फत पगार होत असेल, तर इथं दाद मागता येते. त्याच्या कंपनीचं इथं काहीच नाही. इथला निकाल मिळवला, तरी वसुलीसाठी तिथल्या कोर्टाची पायरी चढावी लागेल. खर्च मागण्याहून मोठा व्हायचा.

म्हणून परदेशी काम घेणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं एवढंच, की सहीपूर्वी तीन कलमं शोधा. वाद झाला तर कुठला कायदा आणि कुठलं ठिकाण? काम थांबवायचं तर किती दिवसांची नोटीस, आणि ती दोन्ही बाजूंना आहे का? बिल दिल्यावर पैसे किती दिवसांत? लवादाचं ठिकाण मुंबई मागून पाहा. मिळेलच असं नाही, पण नोटिशीचे तीस दिवस मागितले तर पुष्कळदा मिळतात. कंत्राटदाराला भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. तेव्हा दर ठरवताना हे सारं त्यात धरा. कामाच्या वेळांचे, रजेचे ईमेल जपून ठेवा.

त्या तरुणाचे शेवटच्या महिन्याचे पैसेही अडकले होते. तेवढ्यासाठी आम्ही सगळे ईमेल जोडून पत्र पाठवलं आहे. उत्तर यायचंय. मात्र गेल्या आठवड्यात तो नव्या कामाचा करारनामा घेऊन आला, आणि या वेळी सहीची जागा कोरी होती. आम्ही दोघं वाचायला बसलो.