विम्याचा दावा ही मेहेरबानी नव्हे

(कल्याण येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



युनियनच्या अभ्यासवर्गात आपण पगार, पेन्शन, ड्युटी रोस्टर यांवर बोलतो. आज गाड्यांच्या नुकसानभरपाईवर भाषण कशाला, असे काहींना वाटेल. कारण सरळ आहे. रात्री दोनला ड्युटीवर जाणाऱ्या लोको पायलटचे किंवा पहाटे सॉर्टिंगला पोहोचणाऱ्या टपाल बंधूचे वाहनावाचून भागत नाही. कोणी सोसायटीचे कर्ज काढून मोटारसायकल घेतली आहे, तर कोणी निवृत्तीच्या पैशातून जुनी मोटार. एक अपघात झाला की चाळीस-पन्नास हजारांचे बिल समोर येते. विमा असूनही आपला माणूस त्यातला मोठा भाग खिशातून भरतो आणि वर कंपनीचे आभार मानतो.

असे का होते? या व्यवहारात गॅरेजवाला, सर्व्हेअर आणि विमा कंपनी एकमेकांना रोज भेटतात. आपण मात्र दहा वर्षांतून एकदा जातो. त्यांना नियम पाठ असतात आणि आपण आपली पॉलिसी उघडूनही पाहिलेली नसते. म्हणून आधी पॉलिसी पाहू.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे जो विमा सक्तीचा आहे, तो फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी. पोलिसाने अडवल्यावर तो कागद चालतो. पण तुमची स्वतःची गाडी झाडावर आदळली तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी वेगळा प्रीमियम भरावा लागतो. आज घरी गेल्यावर आपल्या पॉलिसीत यांपैकी काय लिहिले आहे ते प्रत्येकाने पाहावे. जुनी गाडी घेतली असेल तर पॉलिसी आपल्या नावावर झाली आहे का, हेही पाहावे. आरसी बुकावर आपले नाव आणि पॉलिसीवर जुन्या मालकाचे, अशा स्थितीत स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो.

आता नुकसान झाल्यानंतरचे. आपल्या भागातला अनुभव पुराचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली. अशा पुरात स्टेशनबाहेर आणि क्वार्टर्सच्या आवारात लावलेल्या गाड्या बुडतात. पाणी ओसरले की मालक पहिल्यांदा किल्ली फिरवून पाहतो. नेमके तेच करू नका. डिझेल शेडमधल्या बंधूंना कारण सांगायला नको. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. मग कंपनी म्हणते, पुराचे नुकसान आम्ही देऊ, पण इंजिन तुम्ही चालू करून बिघडवले, ते आमच्याकडे नाही. अशा इंजिनासाठी जादा प्रीमियमचे वेगळे संरक्षण मिळते. ते घेतले नसेल तर गाडी ओढूनच गॅरेजला न्या.

अपघात असो की पूर, क्रम एकच. गाडी हलवण्यापूर्वी नंबर प्लेट दिसेल असे फोटो काढा. कोणी जखमी असेल तर आधी दवाखाना आणि पोलीस. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दाव्याचा नंबर लिहून घ्या. सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडी खोलू देऊ नका.

गॅरेजवाला म्हणतो, "विमा आहे ना, मग काळजी कशाला?" खरी काळजी तिथूनच सुरू होते. त्याच्याकडून लेखी एस्टिमेट घ्या. कोणता भाग बदलणार आणि कोणता ठोकून सरळ करणार, हे त्यात आले पाहिजे. खोलल्यावर आणखी मोडतोड निघाली तर सर्व्हेअरला पुन्हा बोलवायला लावा. त्याने न पाहिलेले काम बिलात आले की ते तुमच्या अंगावर पडते. कॅशलेस म्हणजे फुकट, असाही समज नको. कंपनी कापते ती रक्कम गाडी सोडवताना तुम्हालाच भरायची असते. ती किती, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारा.

ही कपात कशी होते ते हिशेबाने पाहू. समजा मोटार साडेतीन वर्षांची आहे. प्रचलित पॉलिसीप्रमाणे तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा कापतात. रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के. काचेवर काही नाही, मजुरीवरही नाही. रंगकामात साहित्य एकूण रकमेच्या चौथा हिस्सा धरून त्याच्या निम्मे कापतात. बिल असे आहे: पत्रा २०,०००, प्लास्टिक बंपर ८,०००, काच ४,०००, मजुरी ६,०००, रंग १०,०००, एकूण ४८,००० रुपये. कपात पत्र्यावर ५,०००, बंपरवर ४,०००, रंगावर १,२५० आणि लहान मोटारीची सक्तीची वजावट १,०००, म्हणजे ११,२५० रुपये. तुम्हाला ३६,७५० मिळायला हवेत. जुन्या भागांच्या भंगाराचे थोडे आणखी कापतील. पण कंपनीने २५,००० हातावर ठेवले तर उरलेले कुठे गेले, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. शून्य घसाऱ्याची जादा पॉलिसी असेल तर या घसाऱ्याची कपात होऊ नये.

मात्र हजार-दीड हजाराच्या खरचट्यासाठी दावा करू नका. पाच वर्षे दावा न केल्यास प्रीमियममध्ये ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. लहान दाव्यापायी ती जाते.

आता मुख्य मुद्दा. आपल्यापैकी कोणाला चार्जशीट मिळाली तर आपण तोंडी उत्तर देतो का? नाही. आपण तारीख घालून लेखी उत्तर देतो आणि प्रतीवर पोच घेतो. विम्याच्या बाबतीत मात्र आपण काउंटरवर हात जोडून उभे राहतो. "साहेब, काहीतरी बघा." हे बंद झाले पाहिजे. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा. विमा प्राधिकरणाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे दावा कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत अहवाल मिळवायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय द्यायचा, असे कंपनीवर बंधन आहे. सर्व्हेअरचे म्हणणे ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. त्याचा अहवाल अंतिम शब्द नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे.

पूर्ण व अंतिम रक्कम मिळाल्याच्या व्हाऊचरवर घाईने सही करू नका. मान्य नसेल तर तसे लेखी कळवा. फसवून किंवा दबाव आणून घेतलेल्या सहीने ग्राहकाचा हक्क जात नाही, असे त्याच न्यायालयाने १९९९ साली सांगितले. पण दबाव होता हे सिद्ध करायला तुमचे पत्रच कामी येते. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. त्या पावतीची किंमत टपाल बंधूंना मी काय सांगणार?

कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मुदत एक वर्षाची आहे. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा, मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. इटारसीला किंवा सिकंदराबादला नोकरी करणाऱ्या आपल्या माणसाला त्यासाठी कंपनीच्या गावी जावे लागत नाही. गॅरेजने वाईट काम केले किंवा जुना भाग नवा म्हणून लावला, तर त्याच्याविरुद्धही हाच आयोग आहे. म्हणून बदललेले भाग डोळ्यांनी पाहा आणि पक्के बिल घ्या.

प्रत्येक शाखेला माझी सूचना आहे. शाखा कार्यालयात दाव्यांची एक वही ठेवा. कोणाचे किती बिल झाले, किती कापले, का कापले आणि पत्रावर काय उत्तर आले, ते लिहा. एकट्या सभासदाला जे दहा वर्षांतून एकदा कळते, ते वहीमुळे सर्वांना आधीच कळेल. पुढच्या माणसाबरोबर सर्व्हेच्या दिवशी एक जाणकार सहकारी पाठवा. आपल्या डेपोत आणि वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. पत्रा ठोकून सरळ होतो की बदलावा लागतो, हे त्यांच्याइतके कोणाला कळते?

प्रीमियम आपण घामाच्या पैशातून वेळेवर भरतो. भरपाई मागणे हा हक्क आहे. तो लेखी मागा, मुदतीत मागा आणि एकटे मागू नका.

कामगार एकजुटीचा विजय असो!